थिनरच्या खोलीचा दारस्विच

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे; पण दिवे लावणारा नव्हे. रंगाच्या कारखान्यात थिनरची पिंपे ठेवतात, त्या खोलीच्या चौकटीवर मी बसतो. दार उघडले की पहारेकऱ्याच्या खोलीत घंटा वाजते. चोर येऊ नये म्हणून ही सोय.

माझ्या पोटातल्या दोन पात्या विलग होताना बारीकशी ठिणगी उडते. थिनरच्या वाफेला पेटायला तेवढी पुरते. म्हणून घडवणाऱ्यांनी मला जाड धातूच्या कवचात घट्ट बंद केले. आतले आत, बाहेरचे बाहेर!

अकरा वर्षे कोठार सांभाळणारे मामा सकाळी दार उघडत आणि मला बोटाने टिचकी मारत. "काय पहिलवान, जागा आहेस ना?" पुढे भिंत रंगवताना कुणीतरी माझ्यावरही दोन हात फिरवले. मी ओबडधोबड दिसू लागलो.

मग नवे साहेब आले. एका संध्याकाळी ते प्लास्टिकचा गोरागोमटा स्विच घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"ताई, हे धूड काढा. हा बसवा."

वायरिंगचे काम पाहणाऱ्या ताईंनी तो उलटापालटा करून पाहिला. "साहेब, हा घराच्या दाराला ठीक आहे. याच्या पात्या उघड्या आहेत. इथे चालणार नाही."

"अहो, बारा व्होल्ट! मुंगीसुद्धा मरायची नाही."

"मुंगी नाही मरायची. पण वाफ पेटेल."

"सांगितलेलं जमत नसेल, तर उद्यापासून येऊ नका."

ताईंचा चेहरा उतरला. घर त्यांच्याच पगारावर चालत होते. तरी त्या म्हणाल्या, "नाही येणार. पण हा माझ्या हातून बसणार नाही." साहेब पाय आपटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मामांनी नेहमीसारखे दार ओढले. माझ्या पात्या विलग झाल्या, ठिणगी उडाली आणि कवचातच विझली. त्याच क्षणी मामा नाक दाबून मागे सरले. एका पिंपाचे बूच रात्रीतून सैल झाले होते. फरशीवर थिनरचे थारोळे, खोलीभर वाफ!

"कुणी पुढे येऊ नका!" मामा ओरडले.

खोलीत वारा खेळून वास गेल्यावर साहेब आले. ओल्या फरशीकडे पाहत राहिले.

"काल तो बसवला असता तर?"

"मामा राहिले नसते," हिशेब घ्यायला आलेल्या ताई म्हणाल्या.

साहेब हळूच म्हणाले, "ताई, उद्या या. आणि इथे काय लावायचं, ते तुम्हीच ठरवा."

मित्रांनो, मला माझ्या ताकदीचा अभिमान आहे, तो का लपवू? पण नुसत्या जाड अंगाने भागत नाही. माझे झाकण आणि तारा आत शिरतात ती तोंडे घट्ट बंद आहेत ना, ते वेळच्या वेळी तपासा. आणि "एवढ्याशा विजेने काय होतंय?" असे कुणी म्हणाले, तर तो कितीही मोठा साहेब असो, त्याला तिथेच थांबवा. दारातून आत गेलेला माणूस धडधाकट बाहेर आला पाहिजे.