पिवळी ज्योत

त्या हिवाळ्यात आमच्या मामांचं बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं होतं. मामा म्हणजे माझे सासरे, ज्ञानदेव गुरुजी. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, आणि आता मला हाक मारायची तरी त्यांना मध्ये दम घ्यावा लागायचा. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून पाहिला आणि माझ्या नवऱ्याला, सुयशला, बाजूला घेऊन सांगितलं, "फुफ्फुसं थकलीत. ऑक्सिजनचं मशिन चालू ठेवा. यापुढं आमच्या हातात फारसं नाही." सुयशनं ते मला सांगितलं. मला राग आला. नेमका कुणाचा ते कळेना, म्हणून मी तो त्याच्यावरच काढला.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाई भागुबाईंना, आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. पण भागुबाईंपासून लपून राहील असं या घरात काही नव्हतं. त्या मामांच्या कॉटशी बसून राहायच्या आणि उगाचच पांघरूण सारखं करायच्या.

ते मशिन पुण्यातलं एक नर्सिंग होम बंद झालं तेव्हा सुयशनं आणलेलं. गुडघ्याच्या वर येईल एवढं, चाकांवरचं. बाहेरची हवा आत ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा करून नळीतून द्यायचा आणि उरलेली हवा परत बाहेर सोडायची, एवढंच त्याचं काम. आधीच्या उन्हाळ्यात मामांना इतकं बरं होतं की ते कोपऱ्यात नुसतं पडून असायचं. तेव्हा मामाच म्हणाले होते, "करुणे, तुझ्या बर्नरला लाव की. धूळ खात पडण्यापेक्षा बरं."

मी काचकाम करते. लग्नाआधी पुण्याला एका प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये शिकले. कॉलेजांच्या आणि कारखान्यांच्या लॅबमधली काचेची उपकरणं फुटतात, ती जोडायची, कधी नवी करायची. काटेवाडीतल्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं माझं टेबल आणि बर्नर. लॅबची काच कडक असते, नुसत्या गॅसवर ती ढिम्म हलत नाही. ऑक्सिजन सोडला की ज्योत आखडते, निळी आणि टोकदार होते, आणि मग काच मधासारखी ओघळायला लागते. तो उन्हाळाभर मी मशिनच्या ऑक्सिजनवर काम केलं, त्यामुळं ती ज्योत कशी दिसते ते माझ्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं. पावसाळ्यानंतर मामांना मशिन परत लागायला लागलं आणि मी ऑक्सिजनच्या सिलिंडरवर गेले.

जानेवारीत सिलिंडर संपला. इंदापूरच्या कॉलेजची प्रात्यक्षिकं तोंडावर आलेली, त्यांचे काचेचे कंडेन्सर अर्धवट पडलेले, आणि सिलिंडरवाला म्हणत होता गाडी उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकली. मी फोनवर त्याची यथेच्छ कानउघाडणी केली. आतून मामांचा आवाज आला.

"दुपारी... मी जेवून... बसतो. तेवढ्यात... उरक."

"मला न्हाय लावायचं ते मशिन, मामा. तुमी नळी काढू नका."

त्यांनी नळी काढून उशीवर ठेवली. जेवणानंतर थोडा वेळ नळीशिवाय बसायला डॉक्टरांची परवानगी होतीच, आणि गुरुजींपुढं या गावात कुणाचं चाललंय? मी खिडकीतून लांब नळी शेडमध्ये ओढली आणि बर्नर पेटवला.

ज्योत पिवळी. फुगलेली, आळशी, टोकाला लवलवणारी. काचेची नळी तिच्यात धरली तर ती नुसती लाल झाली आणि हट्टानं तशीच राहिली.

आधी मी बर्नरला दोष दिला. तोंडातला कचरा तारेनं काढला. मग खिडकीत नळी दुमडली का ते पाहिलं. जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला, एकही बुडबुडा आला नाही. आत जाऊन ऑक्सिजन ओलसर करायची पाण्याची बाटलीसुद्धा काढून टाकली. मशिनच्या पुढच्या बाजूला काचेच्या उभ्या नळीत एक गोळी असते, हवा जितकी जास्त तितकी ती वर चढते. गोळी आपल्या खुणेवर शहाण्यासारखी उभी होती. डॉक्टर दर खेपेला तेच विचारायचे, गोळी खुणेवर आहे ना, आणि आम्ही हो म्हणायचो.

परत बर्नरपाशी येऊन बसले आणि मग माझ्या ध्यानात आलं. गोळी सांगते हवा किती येतेय. कसली येतेय ते ती सांगत नाही. ते सांगत होती ती माझ्यासमोरची पिवळी ज्योत. हीच हवा मामा रात्रंदिवस ओढत होते.

मला भीती वाटली, आणि त्याच क्षणी एवढी आशा वाटली की भीतीपेक्षा तिचाच त्रास व्हायला लागला. मामांची फुफ्फुसं संपली नसतील तर? मशिनच त्यांना अर्धपोटी ठेवत असेल तर? पण मी कुणाला बोलले नाही. खोट्या आशेनं आत्यांचं काय झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

मागची जाळी उघडून मी गाळणीचा स्पंज काढला, धुतला, वाळवून बसवला. उघड्या मशिनची नळी बर्नरला लावली. ज्योत निळी! मी शेडमध्ये एकटीच उभी राहून हसले. आत्यांना म्हटलं, "झालं काम, सगळं होतं तसं करून टाका." त्यांनी केलं आणि मामांना नळी लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत परत पिवळी.

आता माझं डोकं फिरलं. बारामतीहून सोपानला बोलावलं, तो फ्रिज आणि पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. त्यानं मशिन ओट्यावर काढलं, मोटारीला कान लावला, वायरी हलवल्या, तासभर चालवलं. मी बर्नर पेटवून ठेवला होता. ज्योत निळीच्या निळी.

"वहिनी, काय बी झालं न्हाय हिला. ठणठणीत हाय."

"काल न्हवती ठणठणीत."

"लाईट कमी आली आसंल. मोटारी चालू व्हत्या का रानातल्या?"

तेही खरं असू शकत होतं. त्यानं मशिन आत नेऊन ठेवलं, आत्यांच्या हातचा चहा घेतला, मामांना जयभीम घातला आणि गेला. त्याची एम-एटी गाडी रस्त्याला लागून बराच वेळ झाला नसेल, माझी ज्योत फुगली. पिवळी झाली. माणूस आला की मशिन सुतासारखं सरळ आणि पाठ फिरली की नखरे, असली जनावरं मी माहेरी पाहिली होती, यंत्र पहिल्यांदाच. मी चिमटा टेबलावर आपटला आणि तशीच बसून राहिले. रडावंसं वाटत होतं, पण रडूही येईना.

आणि बसल्या बसल्या माझ्यासमोर ज्योत बारीक व्हायला लागली. पिवळी शेपटी आत गेली. निळं टोक बाहेर आलं.

मी खिडकीशी धावले. "आत्या, काय केलंत?"

"मी? काय न्हाय बाई."

"काहीतरी केलंत! मशिनला हात लावलात का?"

"हात कशापायी लावू? सोपानच्या काळ्या हातांचं डाग पडल्यात, म्हनून धुवाया काढलं."

"काय काढलं?"

"त्याचं कव्हर."

मी आत गेले. आत्यांच्या हातात ते कव्हर होतं. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की आमच्या घरात धुरळ्याचा थर बसतो, म्हणून दिवाळीनंतर त्यांनी ते शिवलेलं. आमच्याकडं उघडं-नागडं काही राहत नाही, टीव्हीला, मिक्सरला, फोनला, सगळ्याला कव्हर. मामांच्या मशिनला तर त्यांनी जीव ओतून शिवलं होतं. जुन्या लुगड्याचं, आतून अस्तर, खाली जमिनीपर्यंत झालर, नळीला काज, आणि ती गोळी दिसावी म्हणून समोर छोटी खिडकी. चार वेळा मी तिथं आले-गेले असेन, जाळी उघडताना मीच ते वर सारलं असेल, तरी ते मला दिसलंच नव्हतं. घरातलं कव्हर कुणाला दिसतं?

"परत घाला," मी म्हटलं, आणि शेडमध्ये पळाले. थांबले. ज्योत हळूहळू पिवळी झाली.

"काढा!"

ती निळी झाली. ऑक्सिजन काढून घेतलेली हवा अस्तराच्या आतच कोंडत होती आणि मशिन आपलीच उष्टी हवा परत परत ओढत होतं.

मी परत आत आले तेव्हा आत्या कव्हर मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. त्यांना कळलं होतं.

"म्हंजी म्या... माझ्या हातानं त्यांचा दम कोंडला?"

मला गोड बोलता येत नाही, कधीच आलं नाही. "व्हय आत्या, तुमीच," मी म्हटलं, आणि हसत सुटले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबता येईना. "तुमचीच चूक हाय, आणि यापेक्षा चांगली बातमी या घरात दिवाळीपासून आली न्हाय! मामा जेवढे आजारी दिसतात तेवढे न्हाईत. तुमाला कळतंय का?"

मग त्यांनी ते कव्हर लांब, पार ओसरीपर्यंत भिरकावलं.

मामांना त्या संध्याकाळी शांत झोप लागली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना पुन्हा तपासलं. फुफ्फुसं थकलेली होतीच, पण हात टेकावे इतकी नव्हती. डॉक्टर स्वतःही हसले आणि म्हणाले, कव्हराबद्दल मी कुणाला कधी विचारलंच नाही, आता विचारीन. इंदापूरचे कंडेन्सर सिलिंडर आल्यावरच झाले. मशिनची नळी मी मामांच्या नाकावरून हलवायला तयार नव्हते.

एका सकाळी मी शेडमध्ये काम करत होते आणि मामांचा आवाज कानावर आला.

"हा चहा हाय का पाक, एवढी साखर कुणी सांगितली घालायला, आणि माझा चष्मा तिथं उन्हात कुणी ठेवला, काल वाचत होतो तो पेपर कुठं गेला, या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!"

एका दमात. मध्ये कुठंही थांबले नाहीत.

मी खिडकीतून पाहिलं. आत्या कपबशी हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं म्हणजे? काय झालं?"

आत्या कॉटच्या कडेला टेकल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आनखी बोला की," त्या म्हणाल्या. "थांबू नगा."