दहाची मोड

लताबाईंच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा एकच शब्द यायचा, तो म्हणजे मोड. त्यात त्यांचा काही दोष नव्हता, धंदाच तसा होता. नाशिक रोडच्या कॉलनीतल्या त्यांच्या मागच्या खोलीत मटकी भिजायची, ओल्या फडक्यात बांधली जायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नखाएवढे मोड घेऊन द्वारका चौकातल्या मिसळवाल्यांकडे रवाना व्हायची. नवरा सावळीराम नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेला, घरात खायला काही कमी नव्हतं, पण हात रिकामा ठेवला तर लताबाईंचं डोकं दुखायचं. सकाळी दारावर किरकोळ गिऱ्हाईकही यायचं. कुणी विचारलं, "मावशी, मोड आहे का?" की लताबाई विचारायच्या, "कुठली रे बाबा? खायची का खर्चायची?"

अशा बाईला मुलीनं एका संध्याकाळी समोर बसवून सांगितलं, "आई, उद्या तो शब्द तोंडातून काढायचा नाही."

स्नेहा शाळेत मराठी शिकवायची. तिचं आणि मालेगावच्या धम्मपालचं जमलं होतं. तोही शिक्षक. एका प्रशिक्षणात ओळख झाली, मग फोन झाले, मग दोन्ही घरांत सांगून झालं. देणंघेणं काही नाही, लग्न विहारात साधेपणानं, इतकं आधीच ठरलं होतं. उद्या धम्मपालची आई लंकाबाई मुलगी बघायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं की झालं.

"कुठला शब्द?" लताबाईंनी विचारलं.

"मोड. त्यांच्या राजचं, म्हणजे धम्मपालच्या मोठ्या भावाचं, लग्न ऐन वेळी मोडलं. दारात मांडव होता. तेव्हापासून त्यांना तो शब्द सहन होत नाही. घरात कुणी उच्चारत नाही."

"मग पैशाची मोड?"

"तीही नाही. आणि सुट्टेसुद्धा म्हणायचं नाही. सुटणं आलं त्यात. खुर्दा नको, खुर्दा उडाला म्हणतो ना आपण? आणि चिल्लर तर तू म्हणूच नकोस, त्यांना वाटेल त्यांनाच चिल्लर म्हणतेस."

लताबाईंना हसू आवरेना. एवढ्याशा नाण्यांना ठेवलेली सगळीच नावं अशी फुटकी असतील, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. "आपण बाबासाहेबांची माणसं. शकुन-अपशकुन कुठून आणला गं त्यांनी? आणि त्या मालेगावच्या बाजारात बोलतात तरी काय?"

"ते विचारायचं राहिलं," स्नेहा म्हणाली. मग आईचा हात धरून म्हणाली, "आई, चेष्टा नको. मला हे घर मिळायला पाहिजे." पोरगी असं कधी बोलत नसे. लताबाईंचं हसू तिथंच विरलं.

दुसऱ्या दिवशी लताबाईंनी जीभ अशी धरून ठेवली, जसं नाठाळ वासरू दाव्याला धरून ठेवावं. धम्मपाल आणि लंकाबाई आले, जय भीम झाला, पाणी झालं. लंकाबाई ठेंगण्या, हसऱ्या, काठाची निळी साडी नेसलेल्या. "घर छान शे तुमचं," आपल्या मालेगावकडच्या बोलीत म्हणाल्या आणि सरळ भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीसमोर जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. लताबाईंना बाई बघताक्षणी आवडल्या, आणि त्यामुळे जास्तच भीती वाटायला लागली.

जेवायला मिसळ होती. नाशकात पाहुण्यांना दुसरं काय वाढणार? लंकाबाईंनी पहिला घास खाऊन विचारलं, "मटकी लय गोड लागते. कशी करता?"

"भिजवायची," लताबाई म्हणाल्या, "बांधून ठेवायची, आणि मग तिला... पाय फुटले की फोडणी द्यायची."

धम्मपालला ठसका लागला. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "मावशी, मोड..." आणि सावळीराम ताटावरून असे उठले की गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेर जाऊन त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून आले.

जेवणं झाली. स्नेहा लंकाबाईंच्या शेजारी बसून कितीतरी वेळ बोलत होती. लंकाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा लताबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या चहा टाकायला आत गेल्या, तर मागोमाग लंकाबाई आल्या. एक मूठ गच्च आवळलेली, चेहरा अवघडलेला.

"विहीणबाई, एक नाजूक काम होतं. माणसांसमोर मागायला बरं नाही वाटत."

"बोला की."

"जरा वाढवून पाहिजे होतं. दहाचं."

लताबाईंच्या हातातली चमच्यासकट साखरेची बरणी तशीच राहिली. "वाढवून?"

"हां. तुम्ही आत्ता दिलं की लगेच पोरीच्या हातावर ठेवते. मग सगळं पक्कं. त्याच्यावाचून शोभा नाही ना."

लताबाईंची कानशिलं तापली. म्हणजे हे होतं तर! साधं लग्न, देणंघेणं नाही, आणि तसबिरीसमोर हात जोडणं, सगळं वरवरचं. पोटभर मिसळ खाल्ली आणि आता स्वयंपाकघरात येऊन दहा लाखांची गोष्ट. एक गोष्ट लताबाई आयुष्यात शिकल्या नव्हत्या, ती म्हणजे राग गिळणं.

"आमची पोर विकायला ठेवलेली नाय!" त्या कडाडल्या. "देणंघेणं नाय म्हणून सांगितलं होतं, तवा कबूल केलं तुम्ही. आता वाढवून मागता? निघा तुम्ही. नाय करायचं आम्हाला हे लग्न!"

बाहेरची तिघं धावत आली. स्नेहा दारातच थांबली आणि तिनं चौकट घट्ट धरली. लताबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं, पण शब्द तर सुटून गेला होता.

"अहो, पण मी मागितलं काय?" लंकाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"दहा लाख! अन् काय?"

"दहा लाख?" लंकाबाईंनी मूठ उघडली. मुठीत चुरगळलेली दहाची नोट होती. "अहो, दहा रुपये शेत हे! पोरीच्या हातावर पाचशे ठेवायचे, वर रुपया नको का? पाचशे एक करायला रुपया नाही मजजवळ. म्हणून याची मला ती पाहिजे... ती ही... सु..." त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो तोंडावर हात धरून उभा. "चि... अहो, दहाची..." शब्द शोधता शोधता बाईंच्या कपाळावर घाम आला. एकेक शब्द ओठापर्यंत यायचा आणि माघारी जायचा. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि ओरडून म्हणाल्या, "मोड! मोड पाहिजे मला! दहाची मोड!"

गॅसवरचा चहा उकळून वर आला.

"मावशी," धम्मपाल हळूच म्हणाला, "आमच्याकडे नोट मोडत नाहीत, वाढवतात. बांगडी वाढवतात, नारळ वाढवतात, तशी. आईनंच तसं म्हणायला लावलंय."

लताबाईंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. रोज रात्री त्या स्वतः 'दुकान वाढवलं' म्हणायच्या. बंद केलं म्हणायला त्यांचीही जीभ रेटत नव्हती. तोच शब्द दुसरीच्या तोंडून आला तर त्यात त्यांना हुंडा दिसला.

लंकाबाई मटकन स्टुलावर बसल्या. पदर तोंडाला लावला. "राजच्या वेळी मांडवात होते मी. फोन आला. पलीकडून एकच शब्द, मोडलं. बस. तो पोरगा अजून नीट जेवत नाही. म्हणून हा शब्द मी दारातच अडवला होता. आणि आज नेमका माझ्याच तोंडून निघाला."

लताबाईंनी गॅस बंद केला. किरकोळ गिऱ्हाइकांच्या नाण्यांचा डबा फळीवरून काढला आणि लंकाबाईंच्या पुढ्यात खाली बसल्या. "विहीणबाई, शब्द तुमच्या तोंडून निघाला, पण मोडायला मी निघाले होते. तुमची काळजी मला कळली नाय, माझं चुकलं. शब्दाला कशाला बोल लावायचा? माणसानंच जपून राहायला पाहिजे." असं म्हणून त्यांनी डब्यातून रुपया-रुपयाची नाणी लंकाबाईंच्या ओंजळीत ओतली आणि चुरगळलेली नोट घेतली.

"उभ्या देशाच्या नोटा छापल्या आम्ही," सावळीराम दारातून म्हणाले, "पण घरात नाणं आणलं ते हिनं."

लंकाबाईंनी ओंजळीतून एक रुपया निवडला, साडीला पुसला, पाचशेच्या नोटेवर ठेवला आणि स्नेहाच्या हातावर टेकवला. "पोरी, अशुभ बोलले गं मी आजच्या दिवशी. तुला चालेल ना?"

स्नेहानं नोट आणि रुपया यांच्यासकट त्यांचा हात मुठीत धरला. मग म्हणाली, "चालेल, आई. पण तारीख ठरवल्याशिवाय आज मी कुणाला उठू देणार नाही."

सावळीराम भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला गेले.