मान शालूची, तोंड कमलिनीचं

कॅलेंडर यायच्या आधी भिंतीत खिळा ठोकला, तिथंच सगळं बिनसलं.

ठोकणारी भागीरथाबाई, शालूची आजी. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तिनं वरवंट्यानं खिळा मारला आणि अख्ख्या लाइनीत सांगत सुटली, "माह्या नातीचा फोटो छापून येऊन राहिला! दोन हजार कॅलेंडरं!" सन साठची दिवाळी तोंडावर आली होती. कारखान्याची पहिली भट्टी पेटून दीडेक वर्ष झालं होतं, आणि नव्या क्वार्टरांच्या कोऱ्या भिंतींवर लावायला लोकांना कॅलेंडरं हवीच होती.

शालू अठरा वर्षांची. बाप कवडू रामटेके भट्टीवर खलाशी, म्हणजे अवजड ओझी ओढणारा मजूर, भंडाऱ्याकडून आलेला. कारखाना उभा राहत होता तेव्हा शालू आणि तिची माय सत्यशीला तिथंच रेजा म्हणून सिमेंटची घमेली वाहायच्या. उंच फळीवरून चालताना घमेलं हललं की गेलंच, म्हणून पोरीची मान जी ताठ झाली ती कायमची. पुढे बापाच्या कारखान्याच्या पासावर लावायचा घरच्यांचा फोटो काढायला ती पॉवर हाउस वस्तीच्या बाजारात ओमप्रकाशच्या स्टुडिओत गेली, आणि तो बाबा तिच्याकडे बघतच राहिला. वाईट नजरेनं नव्हे हां, फोटोवाल्याच्या नजरेनं. "एक सेकंद हिलना नहीं," असं तो सगळ्यांना ओरडून सांगायचा. ही दहा सेकंद दगडासारखी उभी!

तेव्हापासून ती त्याच्याकडे साड्या नेसून उभी राहायला लागली. कापडदुकानांच्या काचेत लावायला मोठे फोटो लागत, ते हिचे. अशा पोरीला मॉडेल म्हणतात हे भिलाईत कोणाला ठाऊक? मॉडेल म्हणजे प्लांटच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवलेला छोटा कारखाना, एवढंच लोकांना माहीत. पण कामात दोघंही पक्के. पुढून साडी अशी झोकदार, आणि मागं जाऊन बघाल तर कपडे वाळत घालायचे चिमटेच चिमटे! फोटोत पदर वाऱ्यावर उडतो ना? बंद खोलीत कुठला आलाय वारा! पदराच्या टोकाला काळा दोरा आणि दोरा खुंटीला. ही खुबी शालूची. चहाच्या पेटीतला चंदेरी कागद पुठ्ठ्यावर डकवून गालावर उजेड पाडायचा, ती ओमप्रकाशची. त्यानं एकदा तिला काळ्या कापडाखाली बोलावून कॅमेऱ्याची काच दाखवली. काचेत सगळं उलटं, डोकं खाली आणि पाय वर. "उलटा दिखता है, इसलिए आदमी चेहऱ्यावर भुलत नाही," तो म्हणाला. "फक्त रेघा दिसतात." शालूनं ते मनात नीट ठेवून दिलं.

मग आले दौलतराव शेठ. पॉवर हाउसमधलं सगळ्यात मोठं कापडदुकान त्यांचं. कॅलेंडरासाठी त्यांना साडीतली बाई हवी होती. स्वतः स्टुडिओत खुर्ची टाकून बसले, हातात आपला चांदीचा गिलास. त्या गिलासावर 'दौलतराव' असं ठळक कोरलेलं, आणि शेठ कुठंही गेले तरी पाणी त्यातूनच प्यायचे, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. शालूला बघून खूश झाले. "मान बघा, मान! राणीसारखी!" दोन तास फोटो चालले. शेवटी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "कुठल्या गं तुम्ही? आडनाव काय?"

"रामटेके," शालू म्हणाली. मग छाती काढून, "बौद्ध हाओत आमी." चारच वर्षं झाली होती, अख्खं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं होतं. सांगायला लाज कसली?

शेठचं तोंड असं झालं, जसा काही दुधात मिठाचा खडा पडला. शालूला तहान लागली होती. तिनं पाणी मागितलं. शेठनं गड्याला हात न हलवता नुसतं बोटानं सांगितलं, "वरून घाल." गड्यानं तांब्यातलं पाणी हातभर उंचीवरून तिच्या ओंजळीत सोडलं. निम्मं पाणी कोपरांवरून साडीवर गेलं. आणि ती प्याली. तहान होती म्हणून प्याली! त्या पिण्याचाच राग तिला पुढे वर्षभर आला, शेठपेक्षा स्वतःचा जास्त.

दिवाळीला कॅलेंडरं आली. भागीरथाबाई नातीला घेऊन दुकानात गेली, डोळे बारीक करून बघितलं आणि मटकन खालीच बसली. "अवो माय! मान तुही, हात तुहे, साडीबी तेच. आन हे तोंड कोनाचं वो?"

तोंड कमलिनीचं होतं, शेठच्या पुतणीचं. गोल, गोरंगोमटं, शालूच्या मानेवर बसवलेलं. आजूबाजूला बाया म्हणत होत्या, "शेठची पुतणी काय उभी राहिली आहे हो! काय ते रूप!" शालूच्या कानात भट्टीसारखं काहीतरी घुमायला लागलं. ती तशीच दुकानातून निघून ओमप्रकाशकडे गेली.

ओमप्रकाश खाली मान घालून बोलला, पण बोलला सगळं. "शेठ बोले, यह चेहरा घर-घर में नहीं चलेगा. घरची मुलगी स्टुडिओत येणार नाही, म्हणून तिचा लग्नासाठी घरीच काढलेला फोटो दिला. मी ठुशीच्या रेघेवर ब्लेड फिरवला, दुसरा चेहरा चिकटवला, ब्रश मारला, परत फोटो काढला. माझंही पोट आहे, शालू. आणि तुझी मान मोकळी होती ना. मान मोकळी असली की काम आसान."

आग लागो त्या ब्लेडाला! शालू रडली नाही. घरी सत्यशीला म्हणाली, "जाऊ दे पोरी, मोठ्या लोकायशी कोन भांडते?" शालू म्हणाली, "कावून जाऊ देऊ? माह्या मानेवर त्यायनं दुसऱ्याचं मुंडकं ठेवलं, आन मी जाऊ देऊ?" खिळा भिंतीत रिकामाच राहिला. भागीरथाबाई तो काढायला गेली तेव्हा शालूनं तिचा हात धरला. "राहू दे, आजी. लागंल."

वर्षभर तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मान मोकळी असली की काम आसान.

एकसष्टच्या पावसाळ्याच्या शेवटी ओमप्रकाशचा निरोप आला. शेठला पुन्हा कॅलेंडर हवं होतं आणि पुन्हा तीच मान हवी होती. गिऱ्हाईक त्या उभं राहण्यावर भुललं होतं म्हणे. कमलिनीला तर त्या कॅलेंडरावरून नागपूरचं स्थळ आलं होतं आणि शेठ लग्नाच्या तयारीसाठी तिकडेच निघाले होते. सत्यशीलेला वाटलं पोरगी निरोप्याच्या तोंडावर दार आपटेल. शालू म्हणाली, "येतो म्हना."

स्टुडिओत गेली तर मेजावर रुमालात गुंडाळलेला चांदीचा गिलास. तोच!

"शेठनी विषय दिलाय," ओमप्रकाश म्हणाला. "नवरा ड्युटीवरून आला, गृहलक्ष्मी पाणी घेऊन उभी. गिलास आपला दिलाय, नाव दिसलं पाहिजे." मग तो अडखळला. "और बोले, तू ताटलीच धर. गिलासाला बोट नको लागायला. फोटो झाला की तसंही तो विस्तवात घालून शुद्ध करणार आहेत."

शालूनं गिलासाकडे बघितलं. ती घरून दुसरंच ठरवून आली होती, वेणी आणि पदरानं गळा झाकायचं. पण हे तर शेठनं आपल्या हातानं ताटात वाढून दिलं होतं! ती एवढंच म्हणाली, "फोटोच्या काचेच्या प्लेटा किती हायेत?"

"चार. दुकानात याहून जास्त नव्हत्याच. और फोटो आजच्या मेलनं कलकत्त्याला गेला पाहिजे, नाही तर छापखाना दिवाळी धरत नाही."

पहिल्या तीन प्लेटा शेठच्या हुकमाप्रमाणे झाल्या. ताटली हातात, गिलास ताटलीत, मान मोकळी. फक्त ओमप्रकाशनं कॅमेऱ्याचं झाकण उघडून "एक" म्हटलं की शालू साडीच्या आत गुडघा तांदळाच्या दाण्याएवढा हलवायची. चेहरा हलवून उपयोग नव्हता, तो तर कापायचाच होता. निऱ्या हलल्या पाहिजेत! काठ पुसट आलेला फोटो कुठला कापडवाला छापेल? दहा सेकंद दगडासारखी उभी राहणारी पोरगी हलली असेल, असा संशय ओमप्रकाशला कुठून येणार?

"आता एक माह्या मनानं काढा, ओमभाऊ," ती म्हणाली.

तिनं पदर डोक्यावर घेतला. वेणी पुढं ओढून गळ्यावर टाकली. ताटली बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी गिलास उचलला. उचलला, पाण्यानं भरलेला, आणि काठ सरळ ओठांना लावला. बोटं हनुवटीवर, नाव कॅमेऱ्याकडे, आणि गिलासाच्या वरून दोन डोळे थेट समोर. चांदीवरचा उजेड तिच्या गालावर पडला. चंदेरी पुठ्ठ्याची गरजच उरली नाही.

ओमप्रकाश काळ्या कापडाखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आतून त्याचा आवाज आला. "शालू... शेठ मुझे मार डालेंगे."

"रेघा कशा दिसून राहिल्या ते सांगा," गिलास किंचित खाली करून ती म्हणाली.

"रेघा..." तो कापडाखालूनच म्हणाला. "ऐसा फोटो मैंने जिंदगी में नहीं देखा."

"मंग काढा." तिनं गिलास पुन्हा ओठांना लावला. या वेळी ती पापणीसुद्धा न हलवता उभी राहिली.

दुपारी प्लेटा धुतल्यावर ओमप्रकाशला घाम फुटला. तीन फोटोंत साडीचा काठ पाण्यात बुडाल्यासारखा. चौथ्यात धागान् धागा मोजून घ्यावा. तो ब्लेड घेऊन बसला. कुठं कापणार? हनुवटीवर बोटं, ओठांवर गिलास, गळ्यावर वेणी, कपाळावर पदर. कमलिनीचं तोंड तिथं बसवायचं तर कमलिनीलाच उष्ट्या गिलासाला तोंड लावायला लागलं असतं. मेलची वेळ झाली. त्यानं ब्लेड टाकला, लिफाफा बंद केला, टपालात दिला, आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी जबलपूरला सासुरवाडीला पळाला. शहाणा माणूस!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानात ही गर्दी. कॅलेंडरांचे गठ्ठे तेवढ्यात स्टेशनवरून आले होते. नागपूरहून परतलेल्या शेठनं ऐटीत दोरी कापली, वरचं कॅलेंडर सगळ्यांपुढं उलगडलं, आणि त्यांचे हात तसेच राहिले.

"अरे, ही तं कवडूची शालू!" भट्टीवरचा कोणीतरी ओरडला. "आन गिलास तं शेठचा! नाव पाहा ना, नाव!"

एका इंजिनियर साहेबांच्या बाई, अन्नपूर्णाबाई, पुढे झाल्या. प्लांटच्या महिला क्लबाच्या साड्या दरवर्षी त्याच दुकानातून घ्यायच्या. त्यांचे डोळे भरून आले. "दौलतराव, मानलं तुम्हाला! स्वतःचा गिलास दिलात या मुलीला? बोलतात सगळे, करून कोण दाखवतं?" आणि टाळ्या वाजायला लागल्या. शेठ काय बोलणार? पुढ्यात निम्मं गिऱ्हाईक कवडूच्याच समाजाचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ते हसले. ते हसू बघायला शालू वर्षभर थांबली होती.

ती आजीला घेऊन दारातच उभी होती. गर्दीनं तिला वाट दिली. ती सरळ शेठसमोर गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शेठ, तहान लागली. पानी भेटंल का?"

"त्याच गिलासात द्या हो!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

गिलास लक्ष्मीपुढं पूजेत मांडलेला. शेठनं तो उचलला, पाणी भरलं आणि आपल्या हातानं तिच्या हातात दिला. शालूनं काठाला ओठ लावले आणि सावकाश, एकेक घोट, तळापर्यंत प्याली. मग बूड वर करून बघितलं. बूड काळं पडलं होतं.

ती पुढे वाकली आणि फक्त शेठला ऐकू जाईल इतक्या हळू बोलली. "विस्तवात घातला होता ना, शेठ? आजबी घालसान. पन ह्या दोन हजार कॅलेंडरायले कोन्या विस्तवात घालसान?"

शेठनं एक कॅलेंडर गुंडाळून तिच्यासमोर मेजावर ठेवलं. शालू हात पुढे करून उभी राहिली. सगळं दुकान बघत होतं. शेवटी त्यांनी ते उचललं आणि तिच्या हातात दिलं.

त्या रात्री खिळ्यावर कॅलेंडर लागलं. भागीरथाबाईनं नातीच्या गळ्यावरून बोट फिरवून बघितलं, जोड कुठं आहे का म्हणून. नव्हता.

पण गोष्ट तिथं संपली नाही हो! दुसऱ्या दिवशी म्हातारी एकटीच दुकानात गेली. काही घ्यायचं नव्हतं. पायरीवर टेकली आणि म्हणाली, "शेठ, पानी पाजा. फोटोतल्या गिलासात." तिसऱ्या दिवशी भट्टीवरून सुटलेली कवडूची अख्खी गँग आली, अठरा जण. चौथ्या दिवशी शेजारच्या रिसाली गावाकडच्या बाया. सगळ्यांनी कॅलेंडर बघितलेलं, सगळ्यांना तहान लागलेली, आणि मागं भिंतीवर शालू गिलासावरून शेठकडे बघत बसलेली. ते कॅलेंडर काढायची सोय नव्हती, अन्नपूर्णाबाई येता-जाता बघून जात.

शेठच्या घरी रोज रात्री शेगडी पेटायची आणि गिलास त्यात जायचा. पौष लागेपर्यंत त्यावरचं नाव विस्तवानं वाकडं झालं, काठ वितळून खाली बसला. शेवटी एके दिवशी शेठनं पाण्याचा माठ आणि पितळेचे सहा नवे गिलास दुकानाच्या पायरीवर आणून ठेवले. ज्याला प्यायचं त्यानं आपल्या हातानं घ्यावं आणि प्यावं.

शालू स्टुडिओतून घरी जाताना तिथं थांबायची. तहान असो नसो, एक गिलास प्यायचीच.