लिव्हर हाताला लागत नाही

आमच्या बॅचमध्ये एकशे वीस विद्यार्थी होते आणि त्या सगळ्यांनी शिंपीकाकांना दारू पाजली होती. कागदावर. आकसलेल्या लिव्हरचा पेशंट समोर आला की विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो, "किती घेता?" काका म्हणायचे, "कधीच नाही." विद्यार्थी समजूतदारपणे मान हलवायचा आणि लिहायचा : रोज घेतो, प्रमाण लपवतो. खरं कारण 'ब' कावीळ होतं, तरुणपणी कुठल्याशा सुईतून आलेली. पण ते फायलीच्या तिसऱ्या पानावर होतं आणि आम्ही दुसऱ्या पानाच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून मला इतकी पाजलीय," काका म्हणायचे, "की एकदा खरंच चाखून बघावी. निदान आरोप तरी खरा होईल."

काका परीक्षेचे पेशंट होते. ज्याच्या अंगावर पुस्तकातली लक्षणं एकाच जागी सापडतात, त्याचा पत्ता आणि फोन आमचा मेडिसिन विभाग जपून ठेवतो आणि परीक्षा आली की त्याला बोलावून घेतो. काका चार वर्षं येत होते. छातीवर कोळ्याच्या पायांसारखे पसरलेले लाल ठिपके, लालबुंद तळहात, पोटात पाणी, डाव्या बरगडीखाली चार बोटं वाढलेली प्लीहा. दोन्ही हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडायला हवे होते, ते मात्र फडफडत नव्हते. त्याबद्दल काका थोडी दिलगिरी व्यक्त करायचे. या सगळ्याच्या बदल्यात त्यांना दर वेळी आठवडाभर खाट, औषधं आणि सोनोग्राफी मिळायची.

शिकवायचे मात्र ते आमच्या सरांपेक्षा बरं. सर ओरडायचे. काका आपलं पोट समोर ठेवून सांगायचे, "पाणी बघायचंय ना? मग मधून ठोकत ये. आवाज बदलला? हां. आता बोट तिथेच ठेव, मी कुशीवर वळतो. मी वळल्यावर बोट उचललंस तर तुझं तू बघ." शेवटी ते निकाल जाहीर करायचे, "प्लीहा चार बोटं. पाणी मध्यम. लिव्हर हाताला लागत नाही. लिहून घे."

आम्ही लिहून घ्यायचो. गेल्या वर्षीच्या बॅचनेही घेतलं होतं. तेच वाक्य चार वर्षं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर चाललं होतं, आणि प्रत्येक जण त्याखाली सही करत होता.

परीक्षेच्या चार महिने आधी, सरावाच्या आठवड्यात, काकांचा तपासणीचा कागद भरायचं काम माझ्याकडे आलं. सकाळचे अकरा वाजले होते. काकू खाटेशेजारी स्टुलावर बसून काकांच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होत्या. शिंप्याच्या घरात बटणं बायको लावते, हे मला तेव्हा कळलं.

"हात गार आहे तुझा," काका म्हणाले. "चोळून घे. मी काय फ्रीजमधली भाजी आहे?"

मी हात चोळले आणि उजव्या बाजूला खालून वर सरकत गेलो. "मोठा श्वास घ्या." त्यांनी घेतला. बरगडीच्या खाली, खोलवर, काहीतरी टणक माझ्या बोटांना येऊन टेकलं आणि श्वास सोडताच परत गेलं. कोटाच्या मोठ्या बटणाएवढं असेल.

"परत घ्या."

परत टेकलं.

"काय रे, झोपलास का तिथे?" काकांनी विचारलं.

"काका, लिव्हर लागतंय का तुमचं?"

"छे. मला चार वर्षं झाली. लागत नाही. तू पोटाचा स्नायू दाबतोयस, नवीन मुलं तेच करतात."

माझा मित्र पलीकडच्या खाटेवर होता. त्याला आम्ही गाईड म्हणायचो, कारण त्याला पुस्तक वाचताना कोणी पाहिलं नव्हतं, गाईड मात्र त्याच्या उशाशी असायचं. मी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि सांगितलं.

"आकसलेलं लिव्हर लागत नाही," तो म्हणाला. "पान दोनशे अकरा."

"पण लागलं ना मला."

"मग तुझा हात चुकला. अशा लिव्हरमध्ये कधीकधी कॅन्सरची गाठ होते, तेव्हा लागतं. लहान असताना सापडली तर सुई घालून जाळून टाकतात, माणूस वाचतो. मोठी झाली की सगळे हळू आवाजात बोलायला लागतात. ते पान दोनशे तेरा. काकांची केस दोनशे अकराची आहे."

"एकदा मॅडमना दाखवू का?"

"दाखव. काल मी एका पेशंट बाईंच्या पोटात वाढलेली किडनी शोधली होती. ती त्यांच्या कमरेला खोचलेल्या पदराची गाठ निघाली. अजून वॉर्ड हसतोय."

मॅडम म्हणजे आमच्या वॉर्डच्या रेसिडेंट डॉक्टर. टेबलावर अठरा फायली, कानाला फोन आणि समोर थंड झालेला चहा, अशा अवस्थेत त्या कायम असायच्या. मी कागद घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. 'लिव्हर' या शब्दापुढची जागा रिकामी होती.

"हे काय, अर्धवट?" त्या म्हणाल्या. "काही नवीन आहे का? असेल तर सोनोग्राफी या आठवड्यात घालते. मशीन एकच आहे, बाकीच्यांना पुढच्या तारखा."

मी तिथेच, उभ्याउभ्या, लिहिलं : लागत नाही.

खाली मी सही केली, मग त्यांनी केली. काकांना सोनोग्राफीसाठी चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली. जाताना ते मला म्हणाले, "परीक्षेला माझीच खाट मिळो तुला," आणि मी खूश झालो.

मिळाली.

मधल्या काळात मी त्या बटणाचा विचार केला नाही असं नाही. दोनदा मॅडमच्या टेबलापर्यंत गेलो. एकदा त्या जेवायला गेल्या होत्या. दुसऱ्यांदा त्या तिथे होत्या, म्हणून मी परत आलो.

परीक्षेच्या दिवशी पडदा सरकवून आत गेलो आणि आधी वाटलं, खाट चुकली. काकांचा चेहरा अर्धा झाला होता. गालांची हाडं वर आली होती आणि डोळे पिवळे होते. पोट मात्र मोठं झालं होतं, जणू चार महिने सगळं जेवण त्यानेच एकट्याने घेतलं होतं.

"आलास?" ते कुजबुजले. "चल, पटकन. प्लीहा चार बोटं. पाणी यंदा जास्त आहे, ते 'भरपूर' लिही. लिव्हर लागत नाही. आता आरामात बस, अर्धा तास आहे. काकू बाहेर आहे, तिला आत सोडत नाहीत. ती तुझ्यासाठी देवाला काहीतरी कबूल करून बसलीय."

"काका, वजन किती कमी झालं?"

"म्हातारा झालोय रे. तुझं काम कर."

मी हात चोळले. खालून वर जावं लागलं नाही. हात ठेवला तिथेच ते होतं. मुठीएवढं, दगडासारखं, वर खाली उंचवटे असलेलं. श्वासाची वाटसुद्धा पाहायची गरज नव्हती. मी हात तसाच ठेवून उरलेली वीस मिनिटं बसलो. काकांना वाटलं मी पाठ करतोय, म्हणून ते गप्प राहिले.

बाहेरून आलेले परीक्षक सर आले. उंच, चष्मा कपाळावर, आवाज मऊ. त्यांनी सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "लिव्हर?"

"लागतं, सर."

काकांनी मान वळवली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"कसं लागतं?"

"टणक. खडबडीत. बरगडीखाली पाच बोटं."

"नाही हो साहेब!" काका कोपरावर उठायला लागले. "पोरगा घाबरलाय. लागत नाही माझं. चार वर्षं नाही लागत. फाईल बघा, सगळीकडे लिहिलंय. हा हुशार आहे, साहेब, याचाच सराव मी घेतलाय. आज जरा गडबडला. एक संधी द्या त्याला."

"झोपा, काका," मी म्हणालो.

"तू गप्प बस. माझं पोट मला माहीत आहे की तुला?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, खाटेच्या कडेला बसले आणि हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग फाईल उघडली, चार महिन्यांपूर्वीचा कागद काढला, सही वाचली आणि माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला. ते ओरडतील असं वाटलं. आमचे सर असते तर ओरडले असते, आणि मला बरं वाटलं असतं.

"आज बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. मग हळू आवाजात मॅडमना बोलावून घेतलं.

काकांनी तो हळू आवाज ऐकला. चार वर्षं आमच्या परीक्षा ऐकून त्यांना कुठल्या वाक्यानंतर कोणतं वाक्य येतं ते माहीत होतं.

सगळे गेल्यावर मी पडद्याच्या आत थांबलो. "काका, मला तेव्हाच लागलं होतं. सरावाच्या वेळी."

ते छताकडे बघत होते. "केवढं होतं?"

"बटणाएवढं. कोटाच्या."

"तेव्हा सापडलं असतं तर?"

"जाळता आलं असतं. बहुतेक."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात लागत नाही. पुस्तकातही तसंच होतं."

"मी शिंपी आहे," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी म्हणालो म्हणून? अरे, मी गंमत म्हणून पाठ केलं होतं ते. मला काय कळतं त्यातलं?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पोटामुळे त्यांना पूर्ण वळता येईना, तेव्हा मी त्यांना आधार द्यायला हात पुढे केला आणि त्यांनी तो बाजूला सारला.

तेवढ्यात पडदा सरकला आणि काकू आत आल्या. त्यांनी आधी माझा चेहरा बघितला. "काय हो, नापास केलं की काय?"

"नाही काकू. बहुतेक पास."

"अगंबाई! अहो, ऐकलंत का? पास झालाय आपला!" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मी म्हटलंच होतं. यांनी शिकवलेला एकही मुलगा नापास झालेला नाही. अहो, काहीतरी बोला ना त्याच्याशी."

"झाला पास," काका भिंतीला म्हणाले.

"दमलेत. सकाळपासून तिघांनी दाबलंय यांना." काकूंनी स्टूल पुढे ओढलं, मला बसवलं, आणि स्वतः काकांच्या पायांशी, चादरीच्या कडेवर बसल्या. "बरं, आता परीक्षा संपली. यांना घरी कधी सोडतील?"

"आधी सोनोग्राफी करायचीय," मी म्हणालो. "मॅडमनी आजच सांगितलीय."

"बरं झालं बाई. गेल्या वेळी नुसती पुढची तारीख दिली." त्या काकांच्या पायावरची चादर नीट करायला लागल्या. "तुमची ओळख आहे ना तिथे? लवकर करा म्हणावं."

मी म्हणालो, सांगतो.