मुळ्याच्या हंसाने मान टाकली

आमच्या घरात सासऱ्यांनी "समजा" म्हटलं की माणसं उठतात. माझ्या नवऱ्याला तेव्हा हमखास फोन येतो, सासूबाईंचं दूध उतू जातं. बाबांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले, पण तास काही संपला नाही.

त्या दिवशी मलाही ऐकायला सवड नव्हती. मी भाज्या कोरते. एका हॉटेलात कायमची जागा निघाली होती, चौघींची परीक्षा होती आणि मला ती नोकरी हवी म्हणजे हवीच होती. सात वर्षं रोजावर गाजराची फुलं करून जीव विटला होता. सकाळी घरीच मुळ्याचा हंस कोरला. मान करंगळीहून बारीक, पण काय ताठ! पाण्याच्या डब्यात ठेवला आणि तयार व्हायला गेले. डबा धरायला बाबा सोबत आले.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात झाकण उघडलं, तर हंसाने मान टाकलेली!

"डब्याला कुणी हात लावला?"

"मी फक्त मूठभर मीठ घातलं, सूनबाई. टिकावा म्हणून."

माझ्या डोक्यात सणक गेली. "लोणचं घालायचं होतं का त्याचं?"

बाबांचा चेहरा एवढासा झाला. "परासरण," ते पुटपुटले. "जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी जातं. मुळ्यातलं निघून गेलं. तीस वर्षं फळ्यावर शिकवलं गं, मुळा कधी भिजवला नव्हता. साध्या गार पाण्यात ठेव, परत आत शिरेल. पाऊण तास लागेल."

पाऊण तास! हेड शेफ शेजारच्या टेबलापर्यंत आले होते. मी धावत पाणी बदललं, तोवर ते समोर उभे.

"हा हंस आहे की आजारी बदक?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "समजा..."

संपलं, म्हटलं आता.

"समजा, शेफ, तुम्ही मनुका आहात."

"मी?"

"वाळलेली. तुम्हाला पाण्यात टाकलं."

मग मनुका फुगली. झाडाची मुळं मातीतलं पाणी प्यायली. एक खलाशी समुद्राचं पाणी पिऊन आणखीच तहानला. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी पार झालं, मीठ बाहेर अडकलं. शेफ दोनदा निघाले, बाबांनी दोनदा "शेवटचं उदाहरण" म्हणून अडवलं. तिसऱ्यांदा शेफ मुकाट्याने कांद्याच्या पोत्यावर बसले.

"अहो, पण यांचा हंस..." म्हणत त्यांनी शेवटी वळून बघितलं. हंस ताठ मानेने त्यांच्याकडेच बघत होता.

"मघाशी हा..."

"तहानला होता," मी म्हणाले. "प्यायला, उठला."

शेफ बराच वेळ मानेवर कोरलेलं एकेक पीस निरखत राहिले. मग घाम पुसत म्हणाले, "उद्यापासून या. फक्त यांना आणू नका."

घरी आल्यावर बाबा गप्पच होते. लोणच्यावरून बोलल्याचं मला फार वाईट वाटत होतं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, त्या खलाशाचं पुढे काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"समजा..." ते म्हणाले.

नवऱ्याला फोन आला. सासूबाई दुधाकडे धावल्या. मी बसून राहिले.