किल्लीवाल्यांचं वाक्य

मला गप्प बसता येत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान. पँटची उंची कमी करायला आलेलं गिऱ्हाईक घरची निम्मी भांडणं मला सांगून जातं, कारण माझी निम्मी मी त्याला आधीच सांगितलेली असतात. हृदयाच्या दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांनी मला व्यायामाच्या वर्गाला धाडलं. तिथे बोलत बोलत व्यायाम करायचा असतो हे कळल्यावर मला वाटलं, चला, कुणीतरी या तोंडाची कदर केली.

वर्ग दवाखान्याच्या मागच्या इमारतीत भरतो. लांबट खोली, लाकडी जमीन, आणि एका भिंतीला आरसे. त्यांच्यासमोर आम्ही सगळे पोटं आत ओढून उभे राहतो. आम्ही म्हणजे हृदयानं एकदा दगा दिलेली दहा-बारा माणसं. शिकवणारी पोरगी माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. चेहऱ्यावर हसू, पण डोळे पोलिसाचे. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

ताईची एक पद्धत होती. आधी हळूहळू अंग गरम करायचं, मग गाण्याच्या तालावर जागच्या जागी चालायचं. हात वर, हात बाजूला, गुडघे वर. सगळे चांगले रंगात आले की ती रांगेतून फिरायची आणि एकेकासमोर थांबून म्हणायची, "एक वाक्य." चालणं न थांबवता एक पूर्ण वाक्य बोलायचं. सकाळी काय खाल्लं, जावई कसा वागतो, काय वाटेल ते. वाक्य न अडखळता बाहेर आलं तर ठीक, हृदयाला झेपतंय. गाणं म्हणता आलं तर तुम्ही अंगचोरपणा करताय. आणि वाक्य मध्येच तुटलं, तर खिडकीजवळची खुर्ची.

त्या खुर्चीची सगळ्यांना धास्ती. एकदा तिच्यावर बसलं की डॉक्टरांकडून तपासून आल्याशिवाय रांगेत उभं राहता येत नसे. म्हणजे परत त्या तपासण्या, परत घरच्यांचे उतरलेले चेहरे. घरी आम्हाला पाण्याची बादली कुणी उचलू देत नव्हतं. माझा मुलगा तर मी शिंकले तरी खोलीत डोकावून जायचा. त्या लांबट खोलीत मात्र आम्ही घामाघूम व्हायचो आणि कुणी घाबरत नसे. ते सुख कोण सोडणार?

मग आम्ही एकमेकांना सांभाळून घ्यायला लागलो. कुणाला दम लागला आणि ताई त्याच्याकडे निघाली, की शेजारच्यानं काहीतरी करायचं. पोस्टमन होते, ते खोकायचे. मागच्या रांगेत एक रिटायर झालेली नर्स होती, आता स्वतःच पेशंट. ती बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करून ताईला वाटेत अडवायची. साठी ओलांडलेली माणसं, आणि पोरांनी परीक्षेत कॉपी करावी तसले उद्योग. नर्सलासुद्धा यात काही वावगं वाटलं नाही, तिथे आमची काय कथा.

माझी खासियत भांडणाची. माझ्या शेजारी किल्लीवाले उभे राहायचे. त्यांचं कुलपांचं दुकान माझ्याच गल्लीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात. मुळात मोजकं बोलणारा माणूस. ताई त्यांच्यासमोर येऊन "एक वाक्य, काका" म्हणाली रे म्हणाली, की मी सुरू. "हे काय बोलणार? परवा माझं शटर अडकलं तेव्हा अर्धा तास कुलपाशी गप्पा मारत होते, माझ्याशी एक शब्द नाही." ते नुसतं "हं" करायचे, हात उडवायचे. वर्ग हसायचा, ताईही हसायची आणि पुढे सरकायची. एकदा केलं, दोनदा केलं, मग ते रोजचंच झालं. त्यांचं शेवटचं पूर्ण वाक्य कधी ऐकलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही. लोक हसत होते ना, मग मला आणखी काय हवं होतं?

एका दुपारी माझ्या कपाटाची एक किल्ली हरवली म्हणून दुसरी घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले. त्यांनी कोरी किल्ली पकडीत बसवली आणि कानस घासायला घेतली. दोन-चार हात मारले आणि थांबले. परत दोन हात, परत थांबले. मग कानस खाली ठेवून स्टुलावर बसले आणि जबडा चोळायला लागले. पंखा डोक्यावर फिरत होता, तरी कपाळावर घाम.

"दाढ दुखतेय का?" मी विचारलं.

"दाढ कुठली? कवळी आहे."

माझंही दुखणं जबड्यातूनच सुरू झालं होतं. मी शहाणी दाताच्या डॉक्टरांची वेळ घेऊन बसले होते.

"किल्लीवाले, हे वर्गातही होतं?"

ते त्या अर्धवट किल्लीकडे बघत राहिले. "बसलं की जातं," एवढंच म्हणाले.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"नाही." मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. मुलीनं बजावलं होतं, आता काहीही निघालं तर दुकान बंद आणि बाबा, तुम्ही माझ्याकडे. "तिथे मी काय करू? गॅलरीत बसून कबुतरं हाकलू?" एवढं बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला. "तुम्ही कुणाला काही सांगणार नाही. शब्द द्या."

मी दिला. तो चेहरा बघून कुणीही दिला असता.

मी माझ्या दुकानात परत आले आणि एका पँटचा एक पाय बोटभर आखूड शिवून ठेवला. उसवला, परत चुकला. मनात एकच चाललं होतं. हृदय त्यांचं, दुकान त्यांचं, मुलगी त्यांची. आपण कोण टिकोजीराव? जगायचं कसं हे ज्याचं त्यानं ठरवावं. आणि मग लगेच दुसरं. ठरवू दे की, पण हा माणूस रोज माझ्या बडबडीच्या आडोशाला उभा राहतोय. एक दिवस मी असं काही मजेदार बोलेन, की अख्खा वर्ग पोट धरून हसेल आणि तेवढ्यात हा खाली कोसळेल. मला त्यांचा राग आला, स्वतःचाही आला. त्या मुलीचाही आला. बाप आणि दुकान, दोन्ही राहतील असा तिसरा रस्ता तिला कसा सुचत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या जागी आले. माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे शब्द लक्षात आहे ना? मीही मान हलवली. गाणं सुरू झालं. ताईनं सुरुवात बेतानं केली, मग गुडघे वर घ्यायला लावले. मी आरशात बघत होते. त्यांच्या ओठांचा रंग मला आवडला नाही.

ताई आमच्या रांगेत आली. "एक वाक्य, काका."

त्यांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. सगळ्या वर्गानंच बघितलं. लोक हसायला तयारच होते.

मी गप्प राहिले. पाय हलवत राहिले आणि समोर आरशात बघत राहिले. त्यांनी सांगितलं होतं तोंड उघडू नका, मी नाही उघडलं. इतकं अवघड काम जन्मात केलं नव्हतं. जीभ दाताखाली धरली होती अक्षरशः. मागून पोस्टमन खोकण्याच्या बेतात होते. मी आरशातून त्यांच्याकडे असं काही बघितलं, की त्यांचा खोकला घशातच राहिला.

"काका?"

"आज..." किल्लीवाले म्हणाले. "आज हवा..."

पुढे काही नाही. गाणं चालू होतं, तरी त्यांचा श्वास खोलीभर ऐकू येत होता. ताईनं गाणं बंद केलं, त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, मनगटावर बोटं ठेवली आणि नर्सला म्हणाली, "पुढच्या इमारतीत फोन करा. स्ट्रेचर पाठवा म्हणावं." किल्लीवाल्यांनी खुर्चीतून माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. त्याच दिवशी नळी घालून ती उघडली. ताई नंतर मला म्हणाली, "थोडक्यात वाचले, मावशी." मी भेटायला गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुलगी आली होती. मी त्या दिवशी मध्ये बोलले नाही म्हणून हे उघडकीला आलं, असं नर्सनं तिला सांगितलं होतं. तिनं माझे दोन्ही हात धरून आभार मानले, त्यांच्यासमोर. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तिला म्हटलं, "बाई गं, दुकानाचं जरा सबुरीनं घे." ती म्हणाली, "मावशी, मला बाबा हवेत." मलाही हवे होतेच.

वर्गात आता कुणी खोकत नाही. मध्ये पोस्टमन आपण होऊन खुर्चीत जाऊन बसले आणि ताईला म्हणाले, आज जमत नाहीये. त्यांना कुणी हसलं नाही.

काही आठवड्यांनी किल्लीवाले वर्गात आले. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. मुलगी दारात उभी राहिली. गल्लीत बातमी आधीच पोचली होती, दुकान विकलं गेलं, उद्याची गाडी आहे. निरोप घ्यायला आले असतील, असं मला वाटलं. ते सगळ्यांना नमस्कार करत सरळ आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गाणं सुरू झालं. हात वर, हात बाजूला, गुडघे वर. ताई आमच्या रांगेत यायच्या आतच ते बोलायला लागले.

"बाई, तुम्ही माझं दुकान घालवलंत, माझं घर घालवलंत, उद्या माझी मुलगी मला सामानासारखं गाडीत घालून नेणार, आणि तिथे त्या उंच बिल्डिंगमध्ये दरवाजे बोट लावून उघडतात, कुणाला किल्लीच लागत नाही, आणि हे सगळं तुम्ही एक शब्द न बोलता केलंत, म्हणजे मला तुम्हाला खोटंही पाडता येत नाही."

ताई येऊन समोर थांबली होती. दारातली मुलगी दोन पावलं पुढे आली, ताईनं तिला हातानं थांबवलं. मी शब्द ऐकत होते, नाही असं नाही. एकेक शब्द लागत होता. पण माझा सगळा कान दोन शब्दांच्या मधल्या जागेवर होता, आणि तिथे धाप नव्हती. त्यांचे गुडघे वर येत होते, गाल तांबूस होते, ओठांना रंग होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हात वर असल्यामुळे ते पुसताही येईना.

"अजून बोला," मी म्हटलं.

आणि ते बोलले. गाणं संपेपर्यंत मला बोल लावत राहिले.