चढावरचा आकडा

गाडीचं दुखणं उभ्या गाडीत कळत नाही, हे मी तीस वर्षं ज्याला त्याला ऐकवत आलो. गॅरेजमध्ये इंजिन चालू करून पेट्रोलचं प्रेशर बघणाऱ्या आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या बाकीच्या मेकॅनिकांची मी यथेच्छ टिंगल केली आहे. अरे, उभ्या गाडीला पेट्रोल लागतंच किती? मरतुकडा पंपसुद्धा तेवढं पुरवतो. खरी परीक्षा चढावर. म्हणून मी प्रेशरच्या गेजला लांब नळी जोडतो, ती बॉनेटच्या फटीतून बाहेर काढतो, गेज समोरच्या काचेवर चिकटपट्टीने लावतो आणि गाडी पाण्याच्या टाकीच्या चढावर नेतो. मी चालवायचं आणि शेजारच्या माणसाने काटा बघून आकडे मोठ्याने सांगायचे. शेजारचं माणूस म्हणजे आमची ही.

ही जाऊन चार महिने झाले. झोपेतच गेली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी रजा टाकून आईचे कपडे आवरायला आली होती आणि उद्या परत जाणार होती. आल्या दिवशी तिने एकच गोष्ट विचारली.

“बाबा, आईला आधी काही त्रास होत नव्हता? कधी काहीच बोलली नाही?”

“नाही गं. काहीच नाही.”

धडधडीत खोटं बोललो. एवढी एकच पोर उरली आहे मला, तीही तुटली तर काय करायचं, या भीतीने बोललो.

आज सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“तुम्ही मागे प्लग बदललेत ना? परवा चढावर गाडीने परत मान टाकली. मागे ट्रक, मी रस्त्याच्या मधोमध!”

“सपाटीला?”

“सपाटीला झकास पळते. मूळ किडलंय आणि तुम्ही दात घासून देताय, असं झालंय हे.”

एरवी मी त्यांना दोन शब्द जास्तच ऐकवले असते. पण आज मी सरळ बॉनेट उघडायला गेलो. हिने आकडे सांगितलेली शेवटची गाडी ती.

बाई चावी ठेवून गेल्या. मी गेज जोडला, इंजिन चालू केलं. काटा पन्नासवर, जिथे हवा तिथे. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत उभा राहिलो. मुलीने ते पाहिलं असावं. हातातलं आवरणं टाकून ती आली आणि पट्टा लावून बसली.

“आकडेच सांगायचेत ना? चला.”

चढ लागला, मी पाय दाबला. “पन्नास,” ती म्हणाली. “अठ्ठेचाळीस. चाळीस.” इंजिन कण्हायला लागलं. “तीस, बाबा. अजून खाली चाललाय.”

मी गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच होतं.

याच वळणावर, पाच महिन्यांपूर्वी, ही म्हणाली होती, “चाळीस... थांबा हो... तीस.” पहिल्या फेरीला गाडी बंद पडली होती, म्हणून ती खाली उतरून चाकामागे दगड लावून आली होती. तेवढ्यानेच तिला धाप लागली होती. आणि मी खेकसलो होतो, “दोन पावलं चाललीस तर एवढी धाप? पन्नास असेल, नीट बघ. चष्मा बदल आधी.” तिचाच आकडा चुकीचा धरून मी प्लग बदलले होते.

“काय झालं बाबा?”

“पंप गेलाय.”

एवढ्यावर भागलं असतं. उद्या ती गेली असती आणि मी सुटलो असतो. पण पोरीचा आकडा मी निमूट मानला होता. तिच्या आईचा मानला नव्हता. मला ते सहन होईना.

मागच्या सीटवर टूलबॉक्स होता. त्याच्या खालच्या कप्प्यातून, फडक्यात गुंडाळलेली कामाची वही मी काढली. गिऱ्हाइकाची तक्रार आमची हीच लिहून घ्यायची, स्वतःच्या भाषेत. या गाडीचं पान उघडून मी मुलीच्या हातात दिलं.

हिचं अक्षर: “चढावर दम लागतो. गाडीला, आणि मलाही.”

त्याखाली माझं: “दोघींचेही प्लग बदलू.”

आणखी खाली हिने लिहिलेले तीस. मी ते खोडून वर पन्नास केलेले.

मुलीने पान दोनदा वाचलं.

“म्हणजे सांगितलं होतं तिने.”

“हो.”

“लिहून दिलं होतं.”

“हसत हसत वही पुढे केली गं तिने. मला थट्टा वाटली.”

“आणि मला म्हणालात, काहीच बोलली नाही.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही मिटली, छातीशी धरली आणि दार उघडून उतरली. चार पावलं गेली, परत आली. कडेचा एक दगड उचलून मागच्या चाकाखाली नीट सरकवला. मग माझ्याकडे न बघता चढ उतरायला लागली.

आरशात ती लहान लहान होत गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मग मी समोर बघितलं. उभ्या गाडीत काटा पुन्हा पन्नासवर आला होता. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, सगळं ठीक आहे.